आईला काय आवडायचं

१ एप्रिल, मंगळवार

ही वही ज्योत्स्ना मॅडमनी दिली. मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात त्या दर मंगळवारी बसतात. दारावर 'समुपदेशन' अशी पाटी आहे आणि बाहेरच्या बाकावरची माणसं आपण त्या पाटीसाठी आलोच नाही अशा चेहऱ्याने बसतात. जानेवारीपासून मीही तशीच बसते. मॅडम म्हणाल्या, रोज लिहायची सक्ती नाही, चांगलं लिहायची तर मुळीच नाही, आणि मी वाचणार नाही. जे वाचणार नाही म्हणतात तेच आधी वाचतात, हा माझा शाळेपासूनचा अनुभव आहे. तेव्हा मॅडम, वाचत असाल तर नमस्कार.

ओळख करून देते. रेणुका, घरी रेणू, वय सोळा, मुक्काम इंझोरी. अकरावीत होते. मार्चमध्ये पहिल्या पेपरला एसटीत बसले आणि कॉलेजच्या थांब्यावर उतरलेच नाही. शेलूबाजारपर्यंत गेले आणि त्याच गाडीने परत आले. कंडक्टरने दोनदा तिकीट फाडलं, कारण मात्र एकदाही विचारलं नाही.

घरात चार माणसं. बाबा, जे बोलत नाहीत. आजोबा उकंडराव, म्हणजे आबाजी, जे थांबत नाहीत. तुळसाआत्या, बाबांची मोठी बहीण, जी आईच्या तेरवीला आली ती अजून गेलेली नाही. आणि मी. आई नोव्हेंबरात गेली. ताप आला, अकोल्याला नेलं, चौथ्या दिवशी गेली. हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता निबंधासारखं पाठ झालंय.

मला काय झालंय ते मॅडमनी अजून सांगितलेलं नाही. आत्याच्या मते मला लाज नाही, एवढंच झालंय. कारण मी रडले नाही. एकदाही नाही. उलट तेरवीच्या पंगतीत हसले. त्या दिवशी आचाऱ्याने वरणात मीठ कमी टाकलं होतं. आबाजींनी पहिला घास घेतला आणि वीस वर्षांच्या सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "दुर्गा, मीठ आन व." सगळी पंगत चिडीचूप झाली आणि मला हसू फुटलं. दाबलं तसं वाढलं. शेवटी गोठ्यात पळाले आणि म्हशीमागे बसून पोट दुखेपर्यंत हसले. तेव्हापासून कुणी म्हणतं पोरीला बाहेरचं लागलं, कुणी म्हणतं मोबाइलमुळे.

बाबा आज सोबत होते. त्यांना मंगळवारीच मंगरूळपीरला तुरीचा भाव पाहायचा असतो. आमची तूर फेब्रुवारीतच विकून झाली, पण बाबांना चौकशीची हौस. मी आत जाते तेव्हा ते दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाखाली उभे असतात आणि बाहेर येते तेव्हाही तिथेच असतात. भाव झाडावर लिहिलेला असतो की काय कोण जाणे.

४ एप्रिल, शुक्रवार

दुपारी एक वाजता उठले. बाकी काही नाही.

६ एप्रिल, रविवार

आज आत्याने मला धरून न्हाणीत बसवलं आणि केस धुतले. अकरा दिवसांचे होते. "केसाची काय गादी करून ठेवली व तू," म्हणत तिने अशी शिकेकाई चोळली की माझं डोकं म्हणजे तळाला लागलेलं पातेलं. डोळ्यांत गेली. तरी पाणी आलं नाही. आत्याने वाकून माझ्या डोळ्यांत पाहिलं. तिचेच डोळे लाल झाले होते, शिकेकाई उडाली असणार.

मग केस पुसता पुसता तिने सांगितलं, "आखाजी झाली की तुले घेऊन जातो मी जऊळक्याले. तिथंच राह्य. चारचौघीत वावरशीन, कामाले लागशीन, तं डोकं ठिकान्यावर येईन."

"मी नाई येत."

"तुले इचारलं कोनं?"

मी बाबांकडे पाहिलं. ते ओसरीवर बसून दोर वळत होते. मी म्हटलं, "बाबा, तुमी तरी बोला." बाबांनी मान खाली घातली आणि वळलेला दोर उलगडून पुन्हा वळायला घेतला. मग मी ओसरीवरचं ताट उचलून आपटलं. काय काय बोलले ते लिहीत नाही. एवढंच लिहिते की बाबांना म्हणाले, तुमाले आई गेली काय अन् मी गेली काय, सारखंच.

जऊळक्याला स्टेशन आहे, आत्याची सून चांगली आहे, कूलर आहे. पण तिथल्या एकाही वस्तूला आईचा हात लागलेला नाही. इथे निदान पळी आहे, उखळ आहे, दाराची कडी आहे. मला इथून जायचं नाही. हे तोंडाने नीट सांगता आलं असतं तर ताट आपटावं लागलं नसतं.

८ एप्रिल, मंगळवार

ज्योत्स्ना मॅडम सांगलीकडच्या. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे आखाजीला काय करतात? म्हटलं, अक्षय तृतीया. वर्षभरात घरात कुणी गेलं असेल तर त्या दिवशी त्याच्या जागी त्याच्यासारखं एक माणूस जेवायला बसवायचं. आई सवाष्ण गेली, म्हणून सवाष्णच हवी. तिचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, आणि गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते तिला पोटभर खाऊ घालायचं. नवीन घागर पाण्याने भरून ठेवायची. ती जेवली की आपलं माणूस जेवलं.

मॅडम म्हणाल्या, यातलं एक काम तू तुझ्याकडे घे. छोटंसं. मी सर्वांत सोपं घेतलं. आईच्या आवडीच्या पदार्थांची यादी.

बाबा झाडाखाली होतेच. म्हटलं, काय भाव? म्हणाले, "बरा हाय." येताना एसटीत त्यांना झोप लागली आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी खांदा हलवला नाही. रागावले होते, तरी हलवला नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

यादी करायला बसले. सगळ्यांना बोलावलं.

आत्या म्हणाली, "पुरनपोळी. तिले लय आवडे."

आबाजी म्हणाले, "कढी अन् वडे. कढी-वड्यावर जीव होता पोरीचा."

बाबा म्हणाले, "वांग्याची भाजी. बहुतेक."

मी मनात शेवयाची खीर धरली होती. चार ओळी झाल्या. सगळ्यांना वाचून दाखवल्या आणि वाचतानाच माझी जीभ अडखळली. पुरणपोळी आत्याला आवडते. कढी-वडे आबाजींना, दात नसूनही. वांगं बाबांना. आणि खीर मला.

"आई खीर खायची?" मी विचारलं.

"तू ठेवशीन तं खाईन ना ते," आबाजी म्हणाले.

मी जेवतानाची आई आठवून पाहिली. वाढताना दिसते, भाकरी थापताना दिसते, पदराने कपाळ पुसताना दिसते. जेवताना दिसत नाही. आम्ही उठायचो तेव्हा ती बसायची आणि तोवर मी मोबाइल घेऊन ओसरीवर गेलेली असायची. सोळा वर्षं. गणितात मला पैकीच्या पैकी होते आणि आईला काय आवडतं ते माहीत नाही.

आत्या उठता उठता म्हणाली, "आवडीचं नाई भेटलं तं पितर उपाशीच उठते पाटावरून." कुणाला उद्देशून नव्हतं ते. पण लागलं मला.

१३ एप्रिल, रविवार

छातीवर कुणीतरी पाटा ठेवलाय. वरवंटा पण.

१५ एप्रिल, मंगळवार

मॅडमना सगळं सांगितलं. हेही सांगितलं की कधी कधी सकाळी वाटतं, उठूच नये. आज नाही, कधीच नाही. हे बोलताना मला वाटलं होतं छप्पर कोसळेल. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि सरळ सरळ प्रश्न विचारले. मी सरळ उत्तरं दिली. त्यांनी त्यांचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहिला, बाबांना आत बोलावलं आणि मला पंधरा मिनिटं बाहेर बसवलं.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उन्हातून आल्यासारखा होता. घरी आल्यावर त्यांनी आपली खाट अंगणातून उचलून माझ्या खोलीच्या दाराशी टाकली. म्हणाले, अंगनात डास लय झाले. मला तर एकही दिसला नाही.

यादीबद्दल मॅडम म्हणाल्या, तुम्हा चौघांना माहीत नाही म्हणजे कुणालाच माहीत नाही असं थोडंच आहे? आई कुणाबरोबर जेवायची ते शोध.

१८ एप्रिल, शुक्रवार

मावशीला फोन केला. ती म्हणाली, लग्नाआधी दुर्गीला चिंचेचे गोळे आवडत, मीठ लावून. म्हणजे आई सोळा वर्षांची असताना काय खायची ते कळलं. पुढची बावीस वर्षं कोरी.

इकडे आत्या पाटावर बसवायला सवाष्ण शोधतेय. शेजारच्या काकूंना साखरेचा आजार, त्या पुरणाला हात लावत नाहीत. सरपंचांच्या बाई हो म्हणाल्या आणि लगेच म्हणाल्या, मी फक्त ताक पिईन, डाएट चालू हाय. आबाजी म्हणाले, "मंग दुर्गाले पण ताकावरच पाठवता का वर?" शेवटी आत्याने आपल्या सुनेला फोन लावला. ती येते म्हणाली. तिने आईला आयुष्यात चार वेळा पाहिलंय.

मला हसू आलं नाही आज. आलं असतं तर बरं झालं असतं.

२० एप्रिल, रविवार

रामीबाई आली.

रामीबाई बंजारा तांड्यावरची. चौदा वर्षं आमच्या वावरात आईबरोबर निंदायला, सोंगायला, वेचायला. सोयाबीन झालं की ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला जातात, यंदा पार कर्नाटकात. आई गेली तेव्हा ती तिकडेच होती. काल रात्री तांडा परतला आणि आज सकाळी ती ज्वारीची पिशवी डोक्यावर घेऊन आमच्या दारात.

तांड्यातल्या बायका अशा वेळी गळ्यात पडून सुरात रडतात. एकेक आठवण ओढून लांबवतात, ऐकणाऱ्याचं काळीज हलतं. तिने पिशवी खाली टाकली, मला कवेत घेतलं आणि सूर लावला. "याडी वं, माही याडी." याडी म्हणजे आई. तिच्या बांगड्या माझ्या पाठीत रुतत होत्या. मी खांबासारखी उभी. तेवढ्यात आमच्या कोंबड्या तिच्या पिशवीत शिरल्या. रामीबाईने मला न सोडता, सूर न तोडता, त्याच चढ्या पट्टीत "हाड हाड हाड" केलं, पायाने कोंबडी उडवली आणि पुन्हा तिथूनच "याडी वं" उचललं.

मला पुन्हा हसू फुटलं. इतकी हसले की तिच्या कवेतून निसटून खालीच बसले.

आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "पाहा बाई आता. सहा महिने झाले, हेच चालू हाय." रामीबाईने रडणं थांबवलं. दोन्ही हातांनी माझं तोंड धरून वर केलं आणि पाहत राहिली.

"हे तं दुर्गीचं हासनं हाय," ती म्हणाली. "सेम टू सेम. तुही आजी गेली तवा तुही माय अशीच न्हानीत दडून हासत होती. म्याच भायेर काढली तिले, तोंडावर पानी मारून."

माझी आजी म्हणजे आत्याची आई. आत्या उंबरठ्यातच थबकली. मला वाटलं आता रामीबाईचं काही खरं नाही. पण आत्या आत गेली आणि भांडी घासत बसली, घासलेलीच.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. आठ-धा दिसानं तुरीत निंदता निंदता बसली मटकन अन् रडली. लय रडली. कोनाचं लवकर येते, कोनाचं उशिरा. तुहं बी येईन. घाई कायची हाय."

सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणी मला सांगितलं की मी कुणासारखी आहे.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी आठलाच उठून रामीबाईबरोबर वावरात गेले. काढायचं काही नव्हतं, ती उगाच धुरे, म्हणजे बांध, पाहायला आली होती. बाभळीखाली बसलो. म्हणाली, इथंच बसत होतो आमी, ती माही भाकर खाये, मी तिची.

मी विचारलं, "रामीबाई, आईले काय आवडे?"

तिने क्षणभरही विचार केला नाही. "गोळा."

"चिंचेचा?"

"बरफाचा. लाल. मंगरूळपीरच्या स्टँडापाशी मदनसिंगची गाडी नाई का? बाजाराले गेलो की पहिला गोळा, मंग बाजार. जीभ लालभडक होये तिची. मंग नळावर जाऊन घासून घासून धुये, सासू पाहीन म्हून. सासू गेली तरी धुये. मी म्हनो, आता कोनाले भेतं व? तं म्हने, सवय पडली."

मी आईला डोळ्यांसमोर आणलं. अडतीस वर्षांची, डोक्यावर पदर, स्टँडवरच्या नळाशी वाकून जीभ घासणारी. पहिल्यांदा ती मला खाताना दिसली. छातीवरचा पाटा आहे तिथेच आहे, पण वरवंटा कुणीतरी उचलून नेला.

२४ एप्रिल, गुरुवार

आज घरात रणधुमाळी.

मी जेवताना सांगितलं, यादी झाली, लाल बर्फाचा गोळा, आणि पाटावर रामीबाई. आत्याचा घास हातातच राहिला.

"पितराले बरफ? अन् तांड्यातली बाई पाटावर? लोक काय म्हनतीन?"

"लोकाच्या घरी कायले जेवाले जाऊन राह्यली आई?"

"पाहा, कशी बोलते. म्हून म्हनतो जऊळक्याले नेतो म्हून."

आबाजी कढी भुरकत म्हणाले, "तुळसे, चौदा साल दुर्गाच्या संगं कोन जेवलं? रामी. आपुन तं फक्त तिच्या हातचं जेवलो. मंग पाटावर कोन बसन?"

"तुमी गप राहा आबाजी. तुमाले कढी भेटली की झालं."

मी बाबांकडे पाहिलं नाही. पाहून उपयोग नसतो. बाबा उठले, हात धुतले, पंच्याला पुसले आणि दारातून म्हणाले, "रामीबाईले सांगून आलो मी. सकायीच." मग आत्याकडे वळून म्हणाले, "अन् बाई, रेणू कुठं जात नाई. ते इथंच राहीन." आणि गेले.

एवढं मोठं भाषण त्यांनी माझ्या आठवणीत कधी केलेलं नाही. आत्या म्हणाली, मग सैपाक तुमचा तुमीच करा. मी म्हटलं, करतो. मला पुरण येत नाही, वडे येत नाहीत, गोळा तर गावात कुणालाच येत नाही. पण म्हणून बसले.

२९ एप्रिल, मंगळवार

मॅडमना गोळ्याचं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. आखाजीला मात्र त्यांना येता येणार नाही. जूनच्या फेरपरीक्षेचा फॉर्म मी बॅगेत ठेवलाय. भरलेला नाही, ठेवलाय.

बाबा आज झाडाखाली नव्हते. स्टँडवर मदनसिंगच्या गाडीशी उभे दिसले. त्यांना बहुतेक तिथला तुरीचा भाव पाहायचा होता.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

पहाटे भांड्यांच्या आवाजाने जाग आली. आत्या चार वाजल्यापासून चुलीपुढे. पुरण शिजलेलं, डाळ वाटलेली, कुरडया तळून झालेल्या. मी दारात उभी राहिले. ती मागे न पाहता म्हणाली, "तुया हातचं पुरन खाऊन दुर्गा पुन्यांदा मेली असती. उभी काय, वेलची कूट."

दहाला बाबा मोटरसायकलवर मंगरूळपीरला गेले. ऊन असं की कुत्री नालीत झोपलेली. बारा वाजता आले ते मागे पोतं बांधून. पोत्यात कुटाराचा भुसा, भुशात गोणपाट, गोणपाटात बर्फाची लादी. निघताना पाटाएवढी होती म्हणे, पोचेपर्यंत विटेएवढी झाली. वाटभर पाणी गळालं, त्यामुळे पोरं मोटरसायकलमागे धावत आली. खिशातून त्यांनी लाल सरबताची बाटली काढली. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मदनसिंग वयखते तिले. म्हने, लाल गोळेवाली बाई. एक नाई, दोन खाये म्हने. दुसरा फुकट मागे, अन् तो देये." बाबा बाटली हातात धरून तसेच उभे राहिले. "मले माहीतच नोतं," ते म्हणाले.

रामीबाई नवी कोरी साडी नेसून आली, कर्नाटकातून तिने आईसाठी आणली होती तीच. आत्याने तिचे पाय धुतले. मला वाटलं होतं ती मला धुवायला लावील, पण तिने स्वतः तांब्या घेतला, आणि बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा धुतले, हळद लावली, कुंकू लावलं. रामीबाईला पाटावर बसवलं. पत्रावळीवर पुरणपोळी, कढी-वडे, वांगं, खीर, सगळं वाढलं. यादी खोटी असली तरी कुणाचीच खोडवत नव्हती.

जेवण सुरू करण्याआधी चुलीतले निखारे बाहेर काढून त्यावर तूप आणि प्रत्येक पदार्थाचा एकेक घास ठेवायचा असतो. तो जळाला, वास आला, की पितराला पोचलं. आत्या ठेवत गेली. पुरणाचा धूर, वड्याचा धूर. मग बाबांनी बर्फ किसणीवर किसला, काडीला गच्च दाबून गोळा केला, लाल सरबत ओतलं. सरबत कोपरापर्यंत ओघळलं.

"हे निखाऱ्यावर नाई ठेवाचं," आत्या म्हणाली. "जे आवडे ते ठेवा लागते, पन बरफ कसं ठेवाचं? कोनं ठेवलं का कधी?"

कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या गावात कधी कुणाचं पितर गोळा खात नव्हतं. बाबांनी आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चिमूटभर म्हणता म्हणता अख्खा गोळाच निखाऱ्यावर ठेवला.

चर्र झालं. पांढरा धूर उठला, सरबताचा लाल फेस आला, आणि निखारे एकजात काळे पडले. तूप, पुरण, वडे, सगळं विझलं. आत्याने तोंडावर पदर धरला.

आणि आबाजी निखाऱ्यांकडे वाकून म्हणाले, "दुर्गा, थंड लागलं का व?"

मला आवरलंच नाही. पण या वेळी मी एकटी नव्हते. रामीबाई पाटावर डोलत हसली. आणि बाबा हसले. बाबा हसतात तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. हलता हलता ते वेगळेच हलायला लागले. बाबा चुलीपाशी खाली बसले आणि लाल हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्यांचे हात ओढायला गेले, म्हणजे सरबत डोळ्यांत जाऊ नये म्हणून. त्यांनी मला जवळ घेतलं आणि माझ्याकडून काहीतरी सुटलं. कुठून आलं कळलं नाही. सहा महिन्यांचं सगळं एकदम. मी आई आई म्हणून ओरडून रडले, शेजारच्या काकू कुंपणावरून पाहत होत्या तरी रडले. आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत एकच म्हणत राहिली, "रड माय, रड. मीच पाहून आनली होती तिले. रड."

रामीबाई सगळं पोटभर जेवली. वर दोन गोळे खाल्ले. दुसरा फुकट मागितला.

राहिलेल्या बर्फाचे आबाजींनी, बाबांनी, मी गोळे खाल्ले. आत्याला विचारलं तर म्हणाली, शी, माहे दात कयकयतात. संध्याकाळी मी घागरीत पाणी घालायला मागच्या अंगणात गेले तर आत्या नळापाशी वाकून उभी. पदराचं टोक ओलं करून जीभ घासत होती. मी परत फिरले. तिने मला पाहिलं नाही असं मी धरून चालले आहे.

२ मे, शुक्रवार

आत्या आज जऊळक्याला गेली. एकटी. सहा महिने तिचं घर सुनेवर टाकलेलं होतं, हे मला आज पिशव्या उचलताना सुचलं. एसटीत चढताना म्हणाली, "जूनची परीक्षा देल्ली नाई तं परत येतो मी. अन् मंग नेतोच." खिडकीतून तिने माझ्या केसांकडे बोट दाखवलं, म्हणजे धुवत जा. गाडी वळेपर्यंत मी उभी होते. थोडं रडू आलं. आता हे काय कशावरही येतं.

६ मे, मंगळवार

परवा पुन्हा वाईट दिवस गेला. दुपारपर्यंत पडून होते. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, असे दिवस अजून येतील, मधले दिवस वाढतात का तेवढं बघ. मधले दिवस वाढतायत. फॉर्म भरला.

बाहेर आले. बाबा कडुनिंबाखाली उभे होते. ज्या ठिकाणी उभे राहतात तिथली माती त्यांच्या चपलांनी गुळगुळीत झाली आहे. मला ती आज दिसली. जानेवारीपासूनचे सगळे मंगळवार त्या मातीत होते.

"तुरीचा भाव काय म्हनते?" मी विचारलं.

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. "बरा हाय," ते म्हणाले.

मग आम्ही स्टँडवर गेलो. मदनसिंगने न विचारता लाल सरबत ओतलं. दोघांनी एकेक खाल्ला आणि बाबांनी लाजत लाजत दुसरा फुकट मागितला. त्याने दिला. तो आम्ही अर्धा अर्धा केला. गाडी लागायला वेळ होता. बाबांनी जीभ काढून दाखवली, मी माझी दाखवली, दोन्ही सारख्याच.

नळ समोरच होता. आम्ही तसेच गाडीत बसलो.